कीबोर्ड पाहावा निवडून

माझ्या नव्या कीबोर्डची किंमत कळल्यावर आमच्या नातेवाइकांत सरळ दोन तट पडले. एक तट म्हणतो, साधा कीबोर्ड चार-पाचशेला मिळतो, मग पाच हजार घालवायचं कारण काय? दुसऱ्या तटात माझा नातू एकटाच आहे. तो मला शाबासकी देतो, पण तो पडला गेम खेळणारा, तेव्हा त्याची साक्ष कोण धरणार? म्हणून म्हटलं, एकदाच सविस्तर लिहून टाकावं. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगायला नको.

तर मंडळी, माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्याला रोज मराठी लिहायचं आहे, ज्याचं वय झालं आहे आणि ज्याच्या घरात इतर माणसं झोपलेली असतात, त्याच्यासाठी कमी आवाजाचा मेकॅनिकल कीबोर्ड ही चैन नव्हे. चष्म्यावर खर्च करताना आपण कुणाला विचारतो का? तसंच हे.

हरिहरेश्वरात बऱ्याच घरांत पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय असते, तशी आमच्याकडेही दोन खोल्यांची आहे. सहा वाजता चहा, मग अंघोळीची पाणी, नाश्ता, प्रदक्षिणेहून दमून आलेल्यांची जेवणं... दिवस कसा जातो कळत नाही. माझी म्हणावी अशी वेळ एकच, पहाटे चार ते सहा. माझं टेबल आणि पाहुण्यांची खोली यांच्यामध्ये फळ्यांचं पार्टिशन. इकडे ह्यांची झोप दुखण्यातून उठल्यापासून फार हलकी झाली आहे. टकटक ऐकू आली की हे कूस बदलतात, काही बोलत नाहीत. ते बोलत नाहीत म्हणूनच माझा हात थांबतो. लिहिणं की घरच्यांची झोप, असा प्रश्न आला की कुठल्याही घरातल्या बाईचं काय मागे पडतं, हे मी सांगायला नको.

यावर कुणी म्हणेल, तुमच्याकडे रात्रभर समुद्र गाजतो, तिथे कीबोर्डचं काय घेऊन बसलात? पण आवाज किती मोठा आहे एवढ्यावर झोपमोड ठरत नाही. लाटांचा आवाज एकसारखा, भरदार असतो, त्याची कानाला सवय होते. उलट गळक्या नळाचा एक थेंब माणसाला जागं करतो. अचानक येणारा, बारीक, टोकदार आवाज मेंदू सोडून देत नाही. श्रावणात समुद्र खवळलेला असतो तेव्हा मी ताशा वाजवला तरी चालेल. पण माघातल्या पहाटे वारा पडलेला आणि ओहोटी लागलेली असली की शेजारच्या घरातली कडी सरकवलेली ऐकू येते.

आता मेकॅनिकल म्हणजे काय ते सांगते. साध्या कीबोर्डात सगळ्या कळांखाली रबराच्या घुमटांचा एकच पत्रा असतो. कळ पूर्ण दाबून घुमट चेपला की अक्षर उमटतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच, त्यात एक दांडी, एक स्प्रिंग आणि धातूचे संपर्क. कळ साधारण 4 मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर 2 मिलिमीटरवरच उमटतं. सगळी गंमत या अर्ध्या वाटेत आहे. तळापर्यंत आपटायची गरजच नाही! हजार शब्दांचा लेख म्हणजे अंदाजे सहा हजार वेळा कळ दाबणं. दर वेळी बोट तळावर आपटायचं की अर्ध्यावरून परत आणायचं, हा फरक सत्तरी ओलांडलेल्या सांध्यांना चांगला कळतो. साधा कीबोर्ड नवा असताना आवाज कमी करतो, हे मान्य. पण तो बोटांना दर वेळी तळ गाठायला लावतो.

चेरी या जर्मन कंपनीने 1983 च्या सुमारास आणलेले एमएक्स स्विच या सगळ्यांचे पूर्वज. त्यांच्या पेटंटची मुदत 2014 च्या आसपास संपली, मग चिनी कंपन्यांनी तसेच स्विच बनवले आणि ही वस्तू आपल्या आवाक्यात आली. जाती रंगांवरून ओळखतात. निळा स्विच टिकटिक वाजतो. तपकिरी वाजत नाही, पण मध्यावर बोटाला बारीकसा उंचवटा लागतो. लाल सरळ खाली जातो, त्याला साधारण 45 ग्रॅमचा दाब पुरतो. निळा कसा वाजतो ते तुम्ही कदाचित ऐकलंही असेल. बँकांतून आणि कचेऱ्यांतून वर्षानुवर्षं दिसणारा टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड याच निळ्या जातीचा. दणकट आणि नावाजलेला, पण तो दिवसाउजेडी काउंटरवर शोभतो.

पहाटेसाठी वेगळी जात असते, तिला सायलेंट म्हणतात. तिच्या दांडीला वर-खाली रबराच्या बारीक गाद्या असतात. कळ खाली टेकताना वाजत नाही आणि परत वर येतानाही वाजत नाही. हा वर येतानाचा आवाज लोक विसरतात, पण अर्धी टकटक त्याचीच असते. मी घेतला तो सायलेंट, पण मध्ये उंचवटा असलेला. अक्षर उमटल्याची खूण कानाला नको असली तरी बोटाला हवीच.

माझ्या पिढीतल्या अनेकांनी टायपिंग शिकलं ते टाइपरायटरवर. गोदरेजने 1955 साली देशी टाइपरायटर बाजारात आणला आणि 2011 पर्यंत त्याचं उत्पादन बंदही झालं होतं. त्या यंत्रावर अक्षराचा खिळा कागदावर आदळायला हवा, म्हणून ठोकूनच टाइप करावं लागे. मिनिटाला 30 मराठी शब्दांची परीक्षा दिलेली बोटं आजही ठोकतात. अशा बोटांना सायलेंट स्विचची गरज इतरांपेक्षा जास्त.

आणि मराठीचं काय? दुकानदार याबद्दल काही सांगत नाही, कारण हे कीबोर्ड इंग्रजी अक्षरांचेच येतात. मी इनस्क्रिप्टने लिहिते. ही मांडणी 1991 च्या भारतीय मानकात आहे आणि विंडोजमध्ये आधीपासूनच असते. बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, स्वर डाव्या. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी द्यावी लागे, इथे आपण उच्चारतो त्याच क्रमाने लिहितो. आमच्या गावाचंच नाव घ्या. ‘हरिहरेश्वर’ला इनस्क्रिप्टमध्ये दहा कळा आणि एकदा शिफ्ट. इंग्रजी स्पेलिंगने मराठी उमटवायचं तर तेरा कळा. कळा कमी म्हणजे श्रम कमी, आणि आवाजही कमी! एफ आणि जे या कळांवर जी उंच रेघ असते, तिथे आपली ऱ्हस्व वेलांटी आणि र. बोटं तिथे टेकली की खाली पाहायला नको.

पण इनस्क्रिप्टमध्ये करंगळीचे हाल असतात. ख, घ, थ, ध, भ, ण, ळ, श, सगळ्यांना शिफ्ट लागते. ‘बाळबोध’ लिहायलाच दोनदा. म्हातारपणी सर्वांत दुबळं बोट करंगळी, म्हणून कळ हलकी हवी. जड स्प्रिंगचा स्विच कितीही शांत असला तरी मराठी लिहिणाऱ्याने घेऊ नये, हे माझं ठाम मत.

भाची म्हणते, मावशी, आता फोनला सांगितलं की तो लिहितो, हा खटाटोप कशाला? खरं आहे, सोय मोठी आहे. ज्यांची बोटं चालत नाहीत त्यांनी ती जरूर वापरावी. पण पहाटे चार वाजता फोनशी बोलायला लागले तर दोन्ही खोल्यांतले पाहुणे उठून बसतील. शिवाय जे मोठ्याने बोलता येत नाही, तेच तर माणूस लिहितो. घरातल्या माणसांच्या कानावर पडेल असं वाटलं की मी लिहिते ती ओळ आणि खरी ओळ यांत फरक पडतो. मला हवी आहे ती शांतता त्यासाठीसुद्धा.

घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी. दुकानात क, ख दाबून पाहू नका. स्पेसबार, एंटर आणि शिफ्ट दाबा, कारण लांब कळांखालची तार खुळखुळते आणि महागड्या कीबोर्डाचंही पितळ तिथे उघडं पडतं. व्हिडिओतल्या आवाजावर विसंबू नका, माइक जवळ-लांब केला की सगळंच बदलतं. स्विच उपटून बदलता येतील असाच कीबोर्ड घ्या. आमच्यासारख्या खाऱ्या, दमट हवेत एखादी कळ कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि दुरुस्तीचं दुकान गावात नाही. चार जादा स्विच डबीत ठेवले की काम भागतं. रात्री कीबोर्ड झाकून ठेवा. आणि खाली जुन्या गोधडीची घडी घाला. लाकडी टेबल म्हणजे ढोलकीच असते, कीबोर्ड कितीही गुणी असला तरी टेबल बोलतं.

ज्यांना दिवसाकाठी दोन ओळींचे निरोप पाठवायचे आहेत, त्यांनी यातलं काहीही घेऊ नये, पैसे वाया जातील. पण तुमच्या घरात कुणी आजी, आत्या, काका वहीत काही लिहीत असतील आणि कुणाची झोप मोडू नये म्हणून दिवा मालवून पडून राहत असतील, तर त्यांच्या पंचाहत्तरीला शाल आणि श्रीफळ देऊ नका. शाली कपाटात पुष्कळ झाल्या आहेत. त्यांना न वाजणारा कीबोर्ड द्या, आणि एक दुपार शेजारी बसून इनस्क्रिप्ट शिकवा.