विश्लेषण : कॉफी, चॉकलेट, नारळ… मग यात स्टाऊट कुठे आहे?

फ्लेवर्ड स्टाऊटची पारख कशी होते, परीक्षक गुण कसे देतात आणि सर्वांत गोड ग्लासच अनेकदा बाजी का मारतो?

पुणे, मुंबई, गोवा किंवा बेंगळूरुमधील मायक्रोब्रुअरीच्या फलकावर काळ्या बीअरची ओळ हल्ली एका शब्दात संपत नाही. कॉफी स्टाऊट, चॉकलेट स्टाऊट, मिल्क स्टाऊट, मग व्हॅनिला, नारळ, कधी चक्क मिरची. अमेरिकेत ही लाट आधी आली आणि तिथे अशा बीअरला ‘पेस्ट्री स्टाऊट’ असे अर्धे कौतुकाचे, अर्धे टवाळीचे नावही पडले. ग्राहक साध्या लागरपेक्षा जास्त पैसे मोजतो ते या नावांकडे पाहून. पण फलकावर लिहिलेली चव ग्लासात सापडली, एवढ्यावर ती बीअर चांगली ठरते का? ग्राहकाची आणि अनेकदा परीक्षकाचीही गफलत नेमकी इथेच होते.

कॉफी न घालता कॉफीची चव कशी?

स्टाऊटचे मूळ १८व्या शतकातील लंडनच्या ‘पोर्टर’ या गडद बीअरमध्ये आहे. पोर्टरच्या कडक प्रकाराला ‘स्टाऊट पोर्टर’ म्हणत. पुढे दुसरा शब्द गळाला. डब्लिनमध्ये आर्थर गिनेस यांनी १७५९ मध्ये ब्रुअरीची जागा भाड्याने घेतली, ते नाव आज या प्रकाराशी जवळपास एकरूप झाले आहे. मात्र चवीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे वर्ष १८१७. त्या वर्षी डॅनियल व्हीलर यांनी फिरत्या ड्रममध्ये माल्ट भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. माल्ट जवळजवळ काळा होईपर्यंत, पण जळून राख न होऊ देता भाजता येऊ लागला. अशा थोड्याशा माल्टने पूर्ण पिंपाला रंग आणि भाजकी चव मिळू लागली. आयरिश स्टाऊटमध्ये हे काम प्रामुख्याने भाजलेली बार्ली करते.

कॉफीच्या बिया, कोकोचे दाणे आणि बार्ली यांत भाजताना होणाऱ्या रासायनिक क्रिया एकाच कुळातल्या आहेत. त्यामुळे साध्या स्टाऊटमध्ये कॉफीचा एक दाणाही नसला तरी नाकाला कॉफी जाणवते, जिभेला कडू चॉकलेट लागते. म्हणजे फ्लेवर घालण्याआधीच फ्लेवर तिथे हजर असतो. फ्लेवर्ड स्टाऊटची पारख अवघड होते ती यामुळे. परीक्षकाला एकाच वासाचे दोन भाग करावे लागतात : भाजलेल्या धान्यातून आलेला किती आणि वरून घातलेला किती.

जाता जाता एक गैरसमज. काळी म्हणजे कडक, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. गिनेस ड्राफ्टमध्ये मद्यार्क ४.२ टक्के असतो. ‘स्ट्राँग’ शिक्का असलेल्या फिक्या पिवळ्या भारतीय बीअर याहून बऱ्याच कडक असतात.

वरचा फ्लेवर येतो कुठून?

काही घटक गोडी आणि दाटपणासाठी असतात, काही वासासाठी. मिल्क स्टाऊटमध्ये दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज घालतात. बीअरचे यीस्ट ती पचवू शकत नाही, त्यामुळे बीअर आंबून तयार झाली तरी ही साखर तशीच उरते आणि बीअरला सौम्य गोडी व दाटपणा देते. ओट्सने पोत गुळगुळीत होतो. ग्लासवर दिसणारा सायीसारखा फेस मात्र दुधाचा नसतो. तो नायट्रोजन वायूचा. गिनेसने १९५९ मध्ये ही पद्धत आणली. ‘क्रीमी’ आणि ‘मिल्क’ हे शब्द फलकावर शेजारी शेजारी येतात, त्यांचा अर्थ पूर्ण वेगळा आहे. दूध न पचणाऱ्या ग्राहकासाठी हा फरक शब्दांपुरता नाही. आपल्याकडे असे लोक भरपूर आहेत. तरीही फलकावर ‘मिल्क’ हा शब्द चवीचे वर्णन म्हणून छापला जातो, घटक म्हणून नव्हे. ब्रुअरींनी हे बदलायला हवे आणि त्यासाठी कोणत्याही नियमाची वाट पाहण्याची गरज नाही.

कॉफी बहुधा किण्वन संपल्यावर घालतात, अख्ख्या बिया भिजत ठेवून किंवा थंड पाण्यात काढलेल्या अर्काच्या रूपात. प्रमाण किंवा वेळ चुकली तर बीअरला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. कॉफी स्टाऊटमधला हा ओळखीचा दोष आहे. कोको आणि नारळातील स्निग्धांश फेस मारतो. म्हणून खऱ्या खोबऱ्याच्या स्टाऊटवर फेस कमी दिसला तर अनुभवी परीक्षक लगेच नाक मुरडत नाही. उलट भरगच्च फेस आणि त्यावर खोबऱ्याच्या वडीचा भपकारा असेल तर बाटलीतल्या इसेन्सची शंका घ्यायला जागा असते. ओकच्या पिंपात मुरवलेल्या स्टाऊटमध्ये नारळ आणि व्हॅनिलाची झाक लाकडातूनच उतरते, काहीही न घालता.

गुण कसे दिले जातात?

घरगुती ब्रुअरींच्या स्पर्धांसाठी अमेरिकेत १९८५ मध्ये ‘बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ अर्थात बीजेसीपी सुरू झाला. त्याची गुणपत्रिका आज जगभर वापरली जाते. एकूण ५० गुण. त्यापैकी वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडाला जाणवणाऱ्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १०. ४५ च्या पुढे गेलेली बीअर अपवादात्मक मानली जाते. ३० ते ३७ म्हणजे खूप चांगली, १३ किंवा त्याखाली म्हणजे बीअरमध्ये गंभीर बिघाड.

फ्लेवर्ड स्टाऊटला या वर्गवारीत स्वतःचा कप्पा नाही. कॉफी, चॉकलेट, मिरची, नारळ हे सर्व ‘मसाला, वनस्पती किंवा भाजी’ असलेल्या बीअरमध्ये मोडते. चेरी किंवा रासबेरी घातली की ती फळांच्या बीअरमध्ये जाते. स्पर्धकाला कोणते घटक घातले ते आधी सांगावे लागते, शिवाय मूळ शैली किंवा बीअरची तीव्रताही. ब्रुअर कोण हे परीक्षकाला माहीत नसते, पण घटकांची यादी त्याच्यासमोर असते. निकषांचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर घातलेला पदार्थ ओळखू यावा, पण त्याने बीअर गिळू नये. आपल्याकडे पुरणात जायफळ घालतात तसे. जायफळ कळले पाहिजे, पण खाणाऱ्याने पुरणपोळी खाल्ली असेच म्हटले पाहिजे.

‘वर्ल्ड बीअर कप’सारख्या व्यावसायिक स्पर्धेत गुणांची बेरीज नसते. परीक्षकांचे टेबल चर्चा करून बीअर गाळत जाते आणि सहमतीने पदके ठरवते. तिथे कॉफी बीअर आणि चॉकलेट बीअर यांच्यासाठी वेगळे गट आहेत. त्यामुळे कॉफी स्टाऊटची तुलना निदान कॉफीच्याच बीअरशी होते.

मग घोळ कुठे होतो?

पद्धत चांगली आहे, पण तिच्यात घोटाभर बीअरचा दोष आहे. परीक्षकाच्या पेल्यात साधारण ६० ते ९० मिलिलिटर बीअर असते आणि एका बैठकीत असे अनेक पेले समोरून जातात. पाचव्या-सहाव्या काळ्या बीअरनंतर जीभ थकते. थकलेल्या जिभेला जे जोरात बोलते तेच ऐकू येते. व्हॅनिला, हेझलनट आणि लॅक्टोज ओतलेली स्टाऊट दोन घोटांत दिपवून टाकते. पूर्ण ग्लास रिकामा करताना मात्र अर्ध्यावरच नको होते. परीक्षक अर्ध्यावर पोहोचतच नाही. ज्या ब्रुअरने हात आखडता ठेवला त्याची बीअर या रांगेत फिकी वाटते आणि पुढच्या वर्षी तोही हात सैल सोडतो.

दुसरी अडचण यादीची. कागदावर ‘भाजलेले खोबरे, दालचिनी’ वाचल्यावर नाक ते शोधून काढतेच. चांगली सवय अशी की यादी उलटी ठेवून पहिला वास घ्यावा, दोन शब्द लिहावेत आणि मग यादी पाहावी. जो घटक न सांगता कळला त्याला खरे गुण.

तिसरी आणि सर्वांत गंभीर बाब म्हणजे गोडी दोष झाकते. डायअसेटिल हा किण्वनातून येणारा लोणी किंवा बटरस्कॉचसारखा वास साध्या आयरिश स्टाऊटमध्ये चटकन उघडा पडतो. पेस्ट्री स्टाऊटमध्ये तोच ‘कॅरॅमल’ म्हणून खपून जातो. आंबटपणाचेही तसेच. शिकागोच्या गूज आयलंडने २०१५ मध्ये बाजारात आणलेल्या बोर्बन काउंटी कॉफी स्टाऊटमध्ये लॅक्टोबॅसिलस जिवाणू सापडले आणि २०१६ च्या सुरुवातीला कंपनीने ग्राहकांना पैसे परत देऊ केले. कॉफीला स्वतःचा आंबटपणा असतो, भाजलेल्या बार्लीलाही असतो. तिसरा, जिवाणूंचा आंबटपणा त्यांच्या आड सहज उभा राहू शकतो. नावाजलेल्या ब्रुअरीत हे घडते तर कोणाच्याही बाबतीत घडू शकते. म्हणूनच कॉफी स्टाऊट आंबट लागली तर ‘कॉफीच अशी असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

‘अनटॅप्ड’सारख्या ॲपवर तर सामान्य ग्राहकच परीक्षक असतो. तिथल्या वरच्या याद्यांत पिंपात मुरवलेल्या, १० टक्क्यांहून जास्त मद्यार्काच्या, दाट गोड स्टाऊटची गर्दी दिसते. साधी, ४ टक्क्यांची, नीट बनवलेली आयरिश स्टाऊट तिथे वर चढणे जवळपास अशक्य. याचा अर्थ ती कमी दर्जाची आहे असा होत नाही.

भारतात याची नक्कल का फसते?

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०१८ च्या नियमांनुसार बीअरची व्याख्याच ८ टक्के मद्यार्कापर्यंत आहे. ५ टक्क्यांपर्यंत रेग्युलर, त्यापुढे ८ पर्यंत स्ट्राँग. इम्पिरियल स्टाऊट ही शैली मुळात ८ ते १२ टक्क्यांची. अमेरिकन पेस्ट्री स्टाऊटला चार-चार घटकांचे ओझे पेलते, कारण खाली तेवढे जड माल्ट असते. इथल्या ५-६ टक्क्यांच्या बीअरवर तेच ओझे टाकले की हाती येते ते पातळ, सिरप घातलेले पेय. इथल्या ब्रुअरने एकच घटक निवडावा हे अधिक शहाणपणाचे. त्यासाठी कच्चा माल दूर नाही. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात मुरवलेली ‘मॉन्सून्ड मलबार’ कॉफी आंबटपणाला कमी आणि अंगाने भरदार असते, स्टाऊटला याहून सोयीची कॉफी शोधायला परदेशी जावे लागत नाही. बिरा ९१ ने आपल्या मर्यादित मालिकेत ‘मलबार स्टाऊट’ आणली होती, ती वाट पुढे आणखी कोणी चालायला हरकत नाही.

ग्लास समोर आल्यावर काय पाहावे?

आधी तापमान. आपल्याकडे बीअर ‘चिल्ड’च मागितली जाते आणि बर्फगार स्टाऊटला वासच नसतो. साधारण १० ते १२ अंशांवर ती बोलू लागते, तेव्हा ग्लास दहा मिनिटे तसाच ठेवला तरी काम होते. मग घोट घेण्याआधी वास. फ्लेवर आणि भाजलेले धान्य दोन्ही कळतात का? घोट गिळल्यावर तोंडात शेवटी काय उरते? कडवट, कोरडी भाजकी चव उरली तर स्टाऊट शाबूत आहे. केवळ गोडी चिकटून राहिली तर पैसे मिठाईचे गेले. त्याच ब्रुअरीची साधी स्टाऊट उपलब्ध असेल तर तिचा छोटा नमुना शेजारी मागवावा, वरून घातलेले किती ते लगेच वेगळे पडते. बाटली असेल तर तारीख पाहावी, कारण कॉफी आणि व्हॅनिलाचा वास महिन्यागणिक उतरत जातो.

आणि चार-पाच नमुन्यांच्या थाळीत मिरचीची स्टाऊट असेल तर ती सर्वांत शेवटी घ्यावी. तिचा झोंबरेपणा पाण्याने जात नाही आणि नंतर येणाऱ्या बीअरचे गुण विनाकारण कापले जातात.