सहा पुस्तकांचे वर्ष

जानेवारी उजाडला की वाचनाची यादी करावी, असे आपणा बहुतेकांस वाटते. यादी होतेही, पण ती पंचवीस-तीस पुस्तकांची होते आणि होळीच्या सुमारास कुठल्याशा वहीत विसावते. दोष इच्छेचा नाही, हिशेबाचा आहे. रोज 10 पाने वाचली तर वर्षात 3,650 पाने होतात. अडीचशे पानांचे एक पुस्तक धरल्यास सुमारे 14 पुस्तके. रात्री-अपरात्रीची बोलावणी, परिषदा आणि लग्नसराई यांत निम्मे दिवस जातात, हे गृहीत धरले की उरतात सात. म्हणून डॉक्टरांनी सहाच पुस्तकांचा बेत करावा, असे माझे मत आहे.

व्यावसायिक वाचन या यादीत नको. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांनी दर 5 वर्षांत 30 तासांच्या निरंतर शिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. त्या वाचनामागे नियमांचा आणि रुग्णांचा रेटा असतोच. इतर वाचनाला असा कोणी वाली नसतो. सर विल्यम ऑस्लर यांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना उशाशी ठेवण्यासाठी दहा पुस्तके सुचविली आणि त्यांसाठी निजण्यापूर्वीचा अर्धा तास मागितला. त्या यादीत शेक्सपिअर आहे, प्लूटार्क आहे, 'डॉन क्विक्झोट' आहे. शरीरशास्त्राचे एकही पुस्तक नाही.

आता आपल्या इंदूरकरांचा प्रश्न. सहांपैकी निदान चार पुस्तके मराठी असावीत, हा आग्रह केवळ भाषाभिमानाचा नाही. आपले वयोवृद्ध मराठी रुग्ण जन्मभर बाजारात हिंदी बोलले, पण दुखू लागले की मराठीत बोलतात. 'ठणका लागलाय' म्हटले की पू धरल्याची शंका घ्यावी. 'कळ येऊन जाते' म्हटले की आतडे वा मूतखडा आठवावा. 'चमक भरली' तर बहुधा स्नायू. 'कसंनुसं होतंय' एवढेच म्हणणाऱ्या आजींचा कार्डिओग्राम मात्र आधी काढावा! केसपेपरावरच्या 'पेन' या एका शब्दात हे सारे बुडून जाते. घरी मराठी ऐकलेल्या, पण कधी न वाचलेल्या आपल्या तरुण डॉक्टरांपाशी हे शब्द उरतील कसे? वडोदऱ्याच्या गुजराती शाळेत शिकलेल्या मुलाला आधी लिपीशी झगडावे लागते. आपल्या मुलांना देवनागरी शाळेतच येते. 'ळ' तेवढा नवा. आपल्याला सबब कमी आहे.

माझी यादी अशी. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' एकदम वाचायचे नाही. बारा महिन्यांचे बारा लेख, चैत्रापासून महिन्याला एक. म्हणूनच वाचनाचे वर्ष पाडव्याला सुरू करावे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घरात मोठ्याने वाचण्यासाठी. बोलीतले मराठी इतके जिवंत क्वचितच सापडते. गोडसे भटजींचे 'माझा प्रवास' तर आपल्याच मुलखातले. दक्षिणा मिळवून कर्ज फेडावे म्हणून निघालेला हा कोकणचा भिक्षुक 1857 च्या धामधुमीत सापडला आणि ग्वाल्हेर, झाशी पाहून परतला. पुस्तक 1907 साली निघाले. माळव्यातील मराठी घराने ते वाचलेले नसावे, हे मला तरी पटत नाही. चौथे, डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. डॉक्टर खाटेवर निजला म्हणजे त्याला काय दिसते, ते त्यात आहे.

पाचवे इंग्रजी, डॉ. अतुल गावंडे यांचे 2014 चे 'बीइंग मॉर्टल'. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे, स्वतः शल्यचिकित्सक. त्यांच्या अखेरच्या आजाराची हकिगत या पुस्तकात आहे. अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या मुलांशी काय व कसे बोलावे, हे आपल्याला महाविद्यालयात फारसे कोणी शिकविले नाही. तेथे हे पुस्तक उपयोगी पडते.

सहावी जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे. एखाद्या निवृत्त मास्तरांचा रक्तदाब मोजताना, 'हल्ली काय वाचता?' असे विचारावे आणि ते सांगतील ते पुस्तक तेथे लिहावे. आपल्या संस्थेने या पुस्तकांचे दोन संच घ्यावेत व मासिक सभेत ते हातोहात फिरवावेत. एक संच प्रथम नव्याने दवाखाना थाटलेल्या सभासदांकडे जावा.