भोंगा बंद झाला, आता वायदा पाळा

निजामाच्या राजवटीत उभी राहिलेली नांदेडची उस्मानशाही मिल चालू होती, तेव्हा कामगाराच्या दिवसाचा हिशेब मिलचा भोंगा ठेवी. मिल केव्हाच बंद पडली. आज नांदेडच्या इतवाऱ्यातला शिंपी किंवा लातूरच्या गंजगोलाईतला कापड दुकानदार स्वतःच आपला मालक आहे. दुकान दहाला उघडले की अकराला, हे त्याला विचारणारा कोणी नाही. नोकरावर हुकूम चालवणे सोपे, स्वतःवर हुकूम चालवणे अवघड. आपण मागे पडतो ते इथेच.

स्वतःवरचा ताबा धंद्यात कशात दिसतो? आम्ही म्हणतो, वायद्यात. ईदच्या कपड्यांचे माप घेताना शिंपी कोणालाच नाही म्हणत नाही. दिवसाला चार जोड होत असतील तर आठ घेतो. मग चाँदरातीला गिऱ्हाइकाची मुले दुकानाच्या पायरीवर ताटकळत बसतात. यात लबाडी नसते, 'नाही' म्हणण्याची हिंमत नसते. पण गिऱ्हाईक नियत पाहत नाही, तारीख पाहते. पुढच्या वर्षी ते तयार कपडे घेते.

दुकानदाराची गतही तीच. सोयाबीन आणि तूर बाजारात आल्यावरच मराठवाड्यात हाती पैसा खेळतो, तोवर उधारी चालते. आपली उधारी अडकली म्हणून आपण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचे पैसे अडकवतो. त्याच्याही घरी चूल आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे आहेत. २०२४-२५ या कर-आकारणी वर्षापासून तर असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष चुकते करेपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाहीत. जे जबानीवर व्हायला हवे होते, ते आता कायदा करवून घेतो आहे.

नातेसंबंधातही हेच. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि कुरआनातली ती सर्वांत लांब आयत आहे. तरी भावाभावांच्या भागीदारीत कागद मागणे आपल्याला अविश्वास वाटतो. वडील असेपर्यंत गल्ला एक असतो. त्यांच्यामागे कोणी किती उचलले याचा हिशेब लागत नाही आणि सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. कागद नाते तोडत नाही, सांभाळतो.

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना एवढेच सांगणे आहे. कामाची एक वही ठेवा. दिवसाला किती काम होते ते मोजूनच तारीख द्या, आणि तारखा भरल्या की नम्रपणे नाही म्हणा. उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकाने विचारण्याआधी आपणच निरोप पाठवा. वसुली आली की घेणेकऱ्याचा हिस्सा त्याच दिवशी बाजूला काढा. कारागिराची मजुरी ठरल्या वारी द्या, त्याला मागायला लावू नका. घरी मुलांना दिलेला शब्दही याच वहीत लिहा.

भांडवल बँकेतून मिळते, कधी नातेवाइकांकडूनही मिळते. बाजारातली पत मात्र उसनी मिळत नाही, ती एकेक वायदा पाळूनच कमवावी लागते.