थोडं थोडं म्हणून किती प्यायचं?



केळापूर, झरी-जामणीकडच्या किती तरी पोडांवर पोरांच्या दातावर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. चाळिशीतल्या माणसाची कंबर धरते, उकिडवं बसता येत नाही. लोक म्हणते, दात घासत नाही, वय झालं. तसं नाही. हे हातपंपाच्या पाण्यातलं फ्लोराईड आहे. ते खडकातून उतरतं, खोल बोअरला जास्त. चव नाही, वास नाही. उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट वाढते.

साहेब म्हणते, "प्रमाण थोडंसंच जास्त आहे." २०१७ ला फवारणीच्या विषानं जिल्ह्यात शेतकरी-मजूर मेले, तेव्हा मुंबईपर्यंत बोंब गेली. हे विष दहा-वीस वर्षांनी हाडात दिसते, म्हणून कोणी धावत नाही. झारखंडात जादुगोड्याला १९६७ पासून युरेनियमची खाण आहे. तिथल्या संथाल, हो भावांनाही हेच सांगतात, किरणं मर्यादेत आहेत म्हणून.

मर्यादा कोणाची? सरकारी माप लिटरमागं १ मिलिग्रॅम, दुसरं पाणीच नसेल तर १.५. पण शरीर लिटर मोजत नाही. पंख्याखाली बसून दोन लिटर पिणाऱ्याच्या पोटात ३ मिलिग्रॅम जाते. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारी बाई सहा लिटर पिते, तिच्या पोटात ९. वरून त्याच पाण्यातला भात, डाळ, काळा चहा.

पंपाला लाल रंग मारून जातात. दुसरा पंप नसला तर बाया लालच हापसणार ना! तरोट्याची भाजी खा, कॅल्शियम असते, चांगलंच आहे. पण भाजीनं वाकलेलं हाड सरळ होत नाही.

पाहिजे ती नाल्याकाठी उथळ विहीर, पाणी तपासून. तिथं गार्ड आडवा येतो, म्हणतो जंगलात खोदता येत नाही. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) त्याला दाखवा. पिण्याच्या पाण्यासाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळते, हेक्टरी ७५ च्या वर झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे सुरुवात आपल्याच हातात आहे.

येत्या ग्रामसभेत दाव्यांच्या विषयासोबत हा ठराव घ्या. कोणता पंप, किती घरं, विहिरीची जागा कुठं, सगळं त्यात लिहा. बायांच्या सह्या-अंगठे आधी घ्या, पाणी त्याच भरतात. पोच घेतल्याशिवाय ठराव कोणाच्या हाती देऊ नका.