कानांना चालते ते डोळ्यांना का नको?

नागपूरहून छिंदवाड्याला जाताना सौंसरच्या पुढे रामाकोना लागते. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ पासून तो पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. घरातली मराठी मात्र सरहद्दींना विचारून वागत नाही. माझी थोरली बहीण तिथे दिलेली आहे. दिवाळीनंतर तिच्याकडे चार दिवस राहून आलो आणि येताना एक वाद बरोबर घेऊन आलो. इंदूरच्या आपल्या जुन्या घरांतही तो अधूनमधून झडतो, म्हणून तो येथे मांडतो.

भाची चित्रकला शिकते. गळाही बरा आहे. आई-आजीच्या लुगड्यांवरून तिने एक चित्र केले होते. चित्रात ना बाई, ना लुगडे. दोन्ही कडांना तांबड्या-निळ्या पट्ट्या, मध्ये मोठी मोकळी जागा, आणि एका टोकाला रंगांची एकदम दाटी. मी मामाच्या अधिकाराने विचारले, "यात आहे काय?" ती शांतपणे म्हणाली, "मामा, काल रात्री तुम्ही तराणा ऐकत होता. त्यात काय होतं?"

मला उत्तर सुचले नाही. आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांनी तराण्याच्या बोलांत फारसी अर्थ शोधला, हे खरे. पण ऐकताना आपण तो अर्थ लावत बसतो काय? अर्धा तास आलाप चालला, तरी यात झाड कुठले आणि नदी कुठली, असे कोणी विचारत नाही. तोच गृहस्थ चित्रापुढे उभा राहिला की नाक-डोळे शोधू लागतो. कानांनी आपण निर्गुणाचे उपासक, डोळ्यांनी मात्र पक्के मूर्तिपूजक!

ही नवी थेरे आहेत, असेही म्हणण्याची सोय नाही. सोनिया देलोने या चित्रकर्तीने १९११ मध्ये पॅरिसला आपल्या तान्ह्या मुलासाठी कापडाचे तुकडे जोडून गोधडी केली. खेड्यातल्या बायका करतात तशीच. पण त्या तुकड्यांच्या जुळणीतून तिला अमूर्त चित्राची वाट सापडली आणि पुढे तीच वाट पोशाखांकडे वळली. आपल्याकडेही अकोल्याचे अंबादास आणि प्रभाकर बरवे हे अमूर्ताचे चित्रकार सरकारच्या विणकर सेवा केंद्रात काम करत होते. कापड आणि चित्र यांची सोयरीक जुनीच आहे. शेजारच्या म्हातारीला हे काही ठाऊक नव्हते, तरी चित्र पाहताच ती म्हणाली, "हे तं लुगड्यावानीच दिसून राह्यलं व!" मला जे दिसले नाही, ते तिला दिसले.

भाचीचा पुढचा बेत त्या चित्राचे गाणे करण्याचा होता. पहिला प्रयत्न फसला, हे सांगितलेच पाहिजे. तांबडा म्हणजे वरचा षड्ज, निळा म्हणजे मंद्र पंचम, असा तिने कोष्टकच मांडला आणि पेटीवर ते सूर क्रमाने वाजवले. ऐकताना पाढे म्हटल्यासारखे वाटले. रंग आणि सूर यांचे असे लग्न कोणाला लावता आलेले नाही. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि स्क्रिआबिन या दोघाही रशियन संगीतकारांना स्वरांत रंग दिसत. पण एकाचे रंग दुसऱ्याशी बहुतेक जुळत नसत.

मग तिने रंग सोडले आणि प्रमाण धरले. काठ सबंध लुगड्याला सोबत करतो, म्हणून त्याचा केला ठेका, सात मात्रांचा रूपक. मधले मोकळे अंग म्हणजे संथ आलाप, थोडे सूर आणि पुष्कळ थांबणे. टोकाची दाटी हा पदर. तिथे लय वाढली. खरी अडचण पुढेच होती. चित्र एका नजरेत सबंध दिसते, गाणे मात्र एकामागून एक उलगडते. आधी काय आणि मागून काय, हे चित्र सांगत नाही. ते गाणाऱ्याने ठरवावे लागते. तिने काठाच्या नक्षीवरून एक लहानसा मुखडा बांधला आणि दर वेळी त्यावर परतू लागली. चित्रावरून फिरलेली नजर पुन्हा काठाशी येते, तशी.

मुसोर्ग्स्कीने हेच केले होते. त्याचा मित्र हार्टमन १८७३ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, त्यावरून मुसोर्ग्स्कीने पियानोसाठी एक रचनामाला लिहिली. त्यातला अंड्यांतल्या पिल्लांचा नाच तर चक्क एका नृत्यनाट्याच्या पोशाखाच्या चित्रावरून सुचलेला. पण त्या मालेत पुन्हा पुन्हा येणारी धून कोणत्याच चित्रातली नाही. ती आहे प्रदर्शनात हिंडणाऱ्या माणसाच्या चालीची. हार्टमनची कित्येक चित्रे आज नाहीशी झाली आहेत, संगीत उभे आहे. चित्राची नुसती नक्कल असते, तर ते चित्रांबरोबरच गेले असते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की चित्राचे गाणे करणाऱ्याने चित्र डोळ्यांसमोर ठेवावे, पण गाताना त्याचे ओझे वाहू नये. गाणे चित्राविना उभे राहिले, तरच ते गाणे. आणि ऐकणाऱ्या-पाहणाऱ्या आपण वडीलधाऱ्यांनी कानांना दिलेली मोकळीक डोळ्यांनाही द्यावी. बहिणीचा आग्रह होता की पोरीने हा नाद सोडून शिक्षिकेची नोकरी पाहावी, आणि मी तिला समजावावे. मी समजावले नाही. नोकरी तिने जरूर पाहावी. नाद सोडण्याचे कारण मला सापडले नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तिने ते पुन्हा गायले. चित्र तेव्हा आतल्या खोलीत होते. म्हातारी उंबऱ्याशी बसून दर मुखड्याला मान हलवत होती. गाणे संपल्यावर म्हणाली, "काठ बराबर आला."