वारशात ओळखी न मिळालेल्यांची बाजू

‘आपण आपलं काम चोख करावं, ओळखी काढत फिरू नये,’ हा उपदेश मराठी मध्यमवर्गीय घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यामागे लाचारीचा तिटकारा आहे आणि तो तिटकारा मला मान्य आहे. पण हा उपदेश मनापासून पाळल्यावर नुकसान कोणाचं होतं, ते पाहा. ज्याचा मामा कंपनीत व्यवस्थापक आणि मावशी विद्यापीठात प्राध्यापक आहे, त्याला ओळखी काढाव्या लागत नाहीत. त्या घरी जेवायला येतात. परभणीच्या तंत्रनिकेतनातून पहिल्यांदाच पुण्यात आलेल्या मुलीने मात्र हा उपदेश पाळला, तर तिचं कसब तिच्या खोलीबाहेर पोहोचत नाही. म्हणून उद्योजकांचे मेळावे, व्यावसायिक संमेलनं आणि लिंक्डइनसारखी माध्यमं यांना सरसकट नाकं मुरडणाऱ्यांचं म्हणणं खोडून काढलं पाहिजे.

त्यांचा पहिला मुद्दा असा की, चांगलं काम स्वतःच बोलतं. पण उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर चांगलाच होता, तरी लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. पुढे कारखान्याची बेळगावची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळाची जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांना ओळखत होते, त्यांची कुवत जाणून होते. नुसती ओळख असती आणि कुवत नसती, तर त्या माळावर कारखाना उभा राहिला नसता. नुसती कुवत असती, तर तो माळच मिळाला नसता. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली, तीही आधी कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी. आपण हे मासिक साहित्याच्या इतिहासात वाचतो. ते धंद्याच्या इतिहासातही वाचायला हवं. आपलं काम लोकांना नियमितपणे सांगत राहणं ही काही परक्यांकडून आलेली खोड नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हा सगळा वशिल्याचाच प्रकार आहे, असं म्हटलं जातं. पण वशिल्यात निवड आधी होते आणि अर्ज नंतर येतो. ओळखीतून बहुतेक वेळा मिळते ती माहिती: कुठे जागा निघाली आहे, कोणाला पुरवठादार हवा आहे, कोणती निविदा येऊ घातली आहे. परीक्षा पुढे द्यावीच लागते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधासाठी, बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं की, ज्याने खबर दिली त्याला तुम्ही कितीदा भेटत होता? वरचेवर भेटणारे जेमतेम १६.७ टक्के होते. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. कारण उघड आहे. जवळच्या माणसांना बहुधा तेच ठाऊक असतं, जे आपल्याला ठाऊक असतं. नवी खबर लांबच्या माणसाकडून येते.

हे आपल्याकडे लागू नाही, असं जो म्हणेल त्याने मुंबईचं गिरणगाव आठवावं. कोकणातून, साताऱ्याकडून आलेला माणूस गावकीच्या खोलीत उतरायचा, खानावळीत जेवायचा आणि गावच्याच जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, शब्दावर गिरणीत लागायचा. या घट्ट ओळखींनी हजारो घरं जगवली आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यांची दुसरी बाजू दादरच्या शाळांतून दिसली. अर्थशास्त्रज्ञ कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी तिथल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष मांडला. कामगार जातींतल्या मुलग्यांना जातीच्या ओळखींमुळे ठरलेल्या कामाची शाश्वती होती, म्हणून त्यांची शाळा आणि पुढची वाट त्याच दिशेने ठरत राहिली. त्याच घरांतल्या मुलींना त्या वर्तुळात स्थान नव्हतं. नव्वदीत अर्थव्यवस्था खुली झाल्यावर नव्या संधींकडे त्याच अधिक वेगाने वळल्या. जन्माने मिळालेलं वर्तुळ आधार देतं आणि तेच पुढे कुंपण होतं. खुल्या मेळाव्यात, नाव नोंदवून कोणालाही येता येईल अशा जागी जोडलेली ओळख हे कुंपण ओलांडते. जात, गाव, कॉलेज यांच्या पलीकडचा माणूस तिथे भेटू शकतो. वशिल्याचा खरा शत्रू अशी खुली ओळखच आहे.

‘सोशल मीडियावरची ओळख ही काय ओळख?’ या प्रश्नालाही उत्तर आहे. लिंक्डइनवर पाच वर्षांत सुमारे दोन कोटी लोकांना सुचवल्या जाणाऱ्या ओळखींमध्ये फेरफार करून झालेल्या प्रयोगांचं विश्लेषण २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. वापरकर्त्यांना स्पष्टपणे न विचारता असे प्रयोग करणं मला गैर वाटतं; पण निष्कर्ष दुर्लक्षून चालणार नाही. नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडल्या त्या मध्यम विरळ ओळखी, म्हणजे साधारण दहाएक सामाईक परिचित असलेली माणसं. अगदी जिवलग कमी उपयोगी पडले आणि पूर्ण परकेही. म्हणजे हजारो अनोळखी नावं गोळा करणाऱ्याचा हिशेब चुकला आहे आणि दार लावून बसणाऱ्याचाही.

ओळखी जोडण्याच्या या क्षेत्रात खोट आहे, हे मी लपवणार नाही. तारांकित हॉटेलातले, भरमसाट शुल्काचे कार्यक्रम, जिथे कार्डं वाटण्यापलीकडे काही घडत नाही. नोकरीच्या नावाखाली नोंदणीचे पैसे उकळणारे भामटे. संध्याकाळी सातला सुरू होणाऱ्या बैठका, ज्यांना घर सांभाळणारी उद्योजिका येऊच शकत नाही. हे बदललं पाहिजे. माधवराव भिडे यांनी सुरू केलेल्या सॅटर्डे क्लबसारख्या मराठी उद्योजकांच्या संस्थांनी आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या औद्योगिक संघटनांनी सकाळच्या वेळा ठेवाव्यात, विद्यार्थ्यांना शुल्क माफ करावं, कामकाज मराठीत चालवावं.

आणि नव्याने येणाऱ्यांनी काय करावं? मेळाव्याला जाण्याआधी कोण येणार आहे ते पाहावं आणि दोघातिघांशीच नीट बोलावं. दुसऱ्या दिवशी ‘सर, संधी असल्यास कळवा’ असा निरोप धाडू नये. ‘ठिबक सिंचनाच्या लॅटरल नळीत शेवटच्या टोकाला दाब कमी पडतो, असं तुम्ही म्हणालात, आमच्या प्रकल्पात आम्ही हे करून पाहिलं, त्यात चूक कुठे झाली असेल?’ असं विचारावं. असा प्रश्न विचारणारा लक्षात राहतो, कारण त्याने आपलं काम पुढे ठेवलेलं असतं. स्वतःच्या पानावरही सुविचारांऐवजी केलेलं काम मांडावं: मोडलेला पंप, केलेली दुरुस्ती, आलेला खर्च. आपल्याला कोणाची ओळख करून देता येत असेल, तर ती मागायच्या आधी द्यावी.

पण निम्मं काम दुसऱ्या बाजूचं आहे. जे आज खुर्चीवर आहेत, त्यांतल्या बहुतेकांना कधीतरी कोणीतरी एक नाव सांगितलं होतं, एक फोन लावून दिला होता. तुमच्या इनबॉक्समध्ये एखाद्या अनोळखी विद्यार्थ्याचा नेमका प्रश्न अनुत्तरित पडला असेल, तर त्याला आजच चार ओळींचं उत्तर लिहा आणि त्याने पुढे कोणाशी बोलावं ते नाव त्यात द्या.