बाजार हटवा, कारीट तेवढे ठेवा!

दसऱ्याच्या सुमारास बोरिवलीतल्या आमच्या इमारतीत एक अर्ज सह्यांसाठी फिरत होता. विषय : कोपऱ्यावर दर बुधवारी भरणारा बाजार बंद करण्याबाबत. कारण काय, तर मोटार वळत नाही! अर्ज घेऊन आलेले सद्गृहस्थ निघता निघता म्हणाले, "मास्तर, यंदा कारीट कुठं मिळेल हो?"

आता काय बोलावे! कारीट मॉलच्या काचेच्या कपाटात पिकत नाही. पालघरकडच्या पाड्यावरची बाई ते पाटीत घालून पहिल्या गाडीने आणते, आणि बसते ती त्याच कोपऱ्यावर. नरकचतुर्दशीला अंगठ्याखाली चिरडायला फळ तिचे हवे; ती मात्र नको!

वार धरून बाजार भरवणे ही काही खेडवळांची खोड नव्हे. पुण्याच्या पेठांना वारांची नावे आहेत. आमच्या मालाडलाही पत्त्यात 'सोमवारी बाजार' लिहितात. रोज दुकान मांडण्याइतका माल नाही, गाळ्याचे भाडे झेपत नाही, अशा माणसाने आठ दिवसांचे साठवावे नि एका वारी विकावे, एवढे साधे हे गणित आहे.

सुधारलेल्या देशांत असले काही चालत नाही, असेही अर्जदारांचे म्हणणे. स्वीडनच्या उत्तर टोकाला योकमोक्क म्हणून गाव आहे. तिथला बाजार १६०५ साली राजाज्ञेने सुरू झाला. सामी लोकांवरच्या प्रेमापोटी नव्हे हो, कर वसूल करता यावा म्हणून! तो दर फेब्रुवारीत, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, अजून भरतो.

आणि आपल्याकडे? २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा सांगतो की, पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार वारसा-बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. माझी आई लग्न होऊन ह्या गल्लीत आली, तेव्हा आमचा बुधवार भरतच होता. पन्नाशी त्याने केव्हाच ओलांडली. मग अर्ज करायचाच, तर महापालिकेकडे ह्या जाहीरनाम्यासाठी का करू नये?

गर्दी होते, पाल्याचा कचरा पडतो, हे मला नाकारायचे नाही. बसायच्या जागा आखून द्या, उठायची वेळ ठरवा, झाडू मारायला माणूस नेमा. ह्यातले अर्जात काही नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना चोवीस तास उभ्या असणाऱ्या आमच्याच मोटारींविषयी तर चकार शब्द नाही!

मी सही केली नाही. सद्गृहस्थांना एवढेच सांगितले, बुधवारी सातच्या आत कोपऱ्यावर जा. कारीट लवकर संपते.